लेकीच्या कानातलं टायटॅनियम आणि नणंदबाईंचा पाय

मैत्रिणींनो, आज डोकं तापलंय नुसतं.

माझ्या लेकीला कुठलंही कानातलं घातलं की कान चिघळतात. भोकं बुजू नयेत म्हणून दोन वर्षं कडुलिंबाची काडी घालून काढली. शेवटी टायटॅनियमचे टॉप्स आणले. खाज नाही, पाणी नाही, पोरगी खूश.

आज तिसगावला लग्नात मी जेवायला बसले, तेवढ्यात नणंदबाईंनी ते काढून तिला आपले झुमके अडकवले. "तुझे टॉप्स लई हलके हायेत गं. पोरीला पत्रा घातलाय म्हनतील लोकं!"

तासाभरात कान सुजले.

मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या मोडलेल्या पायात टायटॅनियमचीच पट्टी आहे ना?"

"ती आत हाय. कोनाला दिसती?"

आता सूज उतरेपर्यंत लेकीच्या कानात पुन्हा काडी आहे. ती बरी दिसते का हो लोकांना?