लखनची भिंत आन् म्हाळूची पाठ

शिरूर कासारात एलईडीची भिंत पायजे म्हणलं की माणसं माझ्या दुकानाकडं बोट दावतात. मी दहावी नापास, पण भिंत माझी हाय. आन् भिंतीचं डोकं म्हणजे माझा धाकला भाऊ लखन. चार जिल्ह्यांत असा पोरगा न्हाई, हे मी कुणाच्याबी तोंडावर सांगतो.

कॅमेऱ्यातलं चित्र हाय तसं भिंतीवर सोडलं तर पांढरंफटक दिसतं. म्हणून मधी एक कार्ड आसतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हर पायरीला दिव्यांनी किती उजेड द्यायचा, त्याचा तक्ता कार्डाच्या चिपमधी भरावा लागतो. त्याला गॅमा म्हणतात. बाकीचे तयार तक्ता वापरतात. माझा लखन सोता लिहितो.

आष्टीकडं कुस्त्यांच्या मैदानात आमची भिंत होती. कमिटीचे अध्यक्ष अमरसिंह सकाळीच म्हणले, "चित्र फिकं वाटतंय. जरा उठाव द्या."

लखन मला म्हणला, "दादा, लई उठाव दिला की सावलीतलं सगळं बुडतं."

"बुडू दे बे. पाहुण्यांचे कपडे चमकले पायजेत."

त्यानं तक्ता बदलला.

दुपारी भिंतीवर पैलवान म्हाळू आला. धारूरच्या डोंगरात मेंढरं राखणारा गडी, काळी घोंगडी पांघरून बसलेला. पण दिसत होतं नुसतं तोंड. घोंगडीच्या जागी भोक.

"आरं, धारूरकरांनी मुंडकंच पाठवलंय का?" कुणीतरी वरडलं. मैदान हसलं, मीबी हसलो. लखन हसला न्हाई. पण तक्त्यालाबी त्यानं हात लावला न्हाई.

गदेची कुस्ती दिवस कलताना लागली. म्हाळू आन् अमरसिंहांच्या तालमीतला पैलवान. डाव पडला, दोघं मातीत, आन् पंच नेमके दुसऱ्या अंगाला. गलका उठला, "भिंतीवर परत दावा!" आमी दावलं. म्हाळूचा सावळा खांदा, खालची सावली, माती, सगळं एकच काळं. पंचांनी म्हाळू चितपट म्हणून सांगितलं.

"पाठ टेकली न्हाई माझी," म्हाळू एवढंच बोलला आन् घोंगडी घिऊन बाजूला बसला.

लखन आमच्या सामानाच्या गाडीतल्या बारक्या पडद्याकडं बघत होता. तिथं कार्डाच्या आधीचं चित्र येतं. खांद्याखाली बोटभर फट, धडधडीत.

"दादा, माझ्या तक्त्यानं फट खाल्ली."

"मग आता कावून बोलतूस? भिंत खोटी निघाली म्हणल्यावर आपल्याला कोण बोलवंल?"

"तू गप ऱ्हा."

जल्मात पहिल्यांदा मला तसं बोलला. जुना तक्ता भरला, माईक घेतला. "पैलवानाची पाठ टेकली न्हाई. चूक माझी हाय. बघा." आन् फट अख्ख्या मैदानाला दिसली.

अमरसिंह तापले. "भिंतवाले कवापासून पंच झाले?"

पण पंच इमानदार माणूस. म्हणले, कुस्ती परत लावा.

तवर म्हाळूचं अंग गार पडलं होतं, आन् समोरचा लोकांच्या खांद्यावर नाचून आलेला, नुस्ता पेटलेला. कुस्ती लगीच संपली. आता भिंतीवर मातीचा कण आन् कण दिसत होता. म्हाळूची पाठ पुरती टेकली.

अंगावरची माती झाडत तो आमच्या गाडीपाशी आला.

"आता टेकली. नीट दिसली का?"

लखनची मान वर झाली न्हाई. "पैलवान, पहिल्या वक्ताला..."

"तवा दम होता अंगात," म्हाळू म्हणला, हसला आन् घोंगडी झटकून गेला. त्यानं शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं. त्या दिवशी लखन जेवला न्हाई. मीबी ताट बाजूला सारलं.

पुढं लखननं धारूरकडून तसलीच काळी घोंगडी आणली. आता कार्यक्रम कुणाचाबी आसो, आधी ती मला पांघरून कॅमेऱ्यापुढं बसवतो. घोंगडीची वीण भिंतीवर दिसल्याबिगर काम सुरू होत न्हाई.

गिऱ्हाईक म्हणतं, "फिकं वाटतंय, मालक."

"फिकंच ऱ्हाणार. तक्ता माझ्या भावाचा हाय."

"दादा, हलू नको," लखन गाडीतून वरडतो.

दुकानावर पाटी माझ्या नावाची हाय. पण मी हलत न्हाई.