दोन ठोके, थांबून एक

निघोज्याच्या सुमनताईंच्या खानावळीत कस्तुराबाईंनी अकरा वर्षं भाकरी थापली आणि त्या अकरा वर्षांत जेवणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड पाहिलं नाही. तशी कुणाची मनाई नव्हती. स्वयंपाकाची खोली मागे, जेवणाची पुढे, मधे पत्र्याची भिंत, आणि ताटं न्यायला सुमनताई स्वतः. कस्तुराबाई मागच्या दाराने यायच्या आणि मागच्याच दाराने जायच्या. जेवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसू नये, एवढं त्यांना भोकरदनकडच्या आईने शिकवून ठेवलं होतं.

ओळख मात्र सगळ्यांची होती. आसपासच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की तीस-चाळीस माणसं एकदम यायची. सुमनताई चार ताटांत अडकलेल्या असायच्या. मग भाकरी हवी असली की पत्र्यावर ठोकायचं, अशी पद्धत पडली. ती कुणी पाडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाचा ठोका वेगळा. प्रेस शॉपचा एक जण सलग तीन द्यायचा, घाईघाईने. पेंटवाला नुसतं नख ओढायचा. पोट भरलं की तळहाताची एक थाप, म्हणजे बास. आत कस्तुराबाई त्या हिशेबाने पीठ मळायच्या. नावं लागलीच नाहीत.

त्यातले एक दोन-एकवाले. दोन ठोके, मग दम खाल्ल्यासारखं थांबून एक. पहिल्याच आठवड्यात त्यांचा आवाज आला होता, जाड, खर्जातला. "माय, दात न्हाईत मला. जरा मऊ होईल का?"

"होईल की," कस्तुराबाई पत्र्याला म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांची भाकरी वेगळी. उकळत्या पाण्यात भिजवलेलं पीठ, जाडसर थापलेलं, आणि तव्यावरून उतरवली की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. अकरा वर्षं हे चाललं. पुढे बोलणं असं काही झालं नाही. आवाजावरून कस्तुराबाईंनी माणूस मनात उभा केला होता. उंच, धिप्पाड, काळासावळा, भरघोस पांढऱ्या मिशा. एवढ्या आवाजाला तेवढी छाती हवीच.

मागच्या पौषात जागामालकाने तिथे गोडाऊन बांधायचं ठरवलं आणि खानावळ एका सोमवारी बंद झाली. सुमनताई लेकीकडे तळेगावला गेल्या. जेवणाऱ्यांना आधी सांगायचं राहून गेलं. मंगळवारी माणसं आली असतील, कुलूप बघून गेली असतील. समोर मोमोजची गाडी होती, पलीकडे बिर्याणी, आणि कोपऱ्यावर नुकतंच उघडलेलं, चायनीज आणि पंजाबी एकाच कढईत करणारं. तरण्या पोरांची सोय झाली. कस्तुराबाईंना घोर लागला तो एकाच माणसाचा. तो काय खात असेल? मोमो दातांशिवाय गिळता येतो की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मुलाला विचारलं.

"आई," बुद्धरत्न म्हणाला, "तुझी नोकरी गेलीय. तू त्याचं बघ."

नोकरी त्यानेच बघितली. निगडीला प्राधिकरणात नवीन हॉटेल झालं होतं, 'चुलीवरचं आजोळ'. दाराशीच काचेची खोली, आत शेणाने सारवलेली चूल, बाजूला सुतळीने बांधलेली लाकडं. चुलीत गॅसची शेगडी बसवलेली होती आणि तिच्याखाली लाल दिवा. तो पेटला की निखारे दिसायचे. लाकडं बांधलेलीच राहायची. मॅनेजर सुजित हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, तिशीतला, वागायला नीट. त्याने नऊवारी दिली, दाबाची नथ दिली आणि टिकलीचं पाकीट पुढे केलं.

"मावशी, एवढं चालेल ना? कन्सेप्ट आहे."

नवरा गेल्यापासून कस्तुराबाईंनी कपाळाला काही लावलं नव्हतं, आणि त्याआधीही जपूनच. पण एक महिना बघून कायम करणार होते. त्यांनी टिकली लावली. नथीची तार वाफेने तापायची आणि नाकाला चटके द्यायची. कन्सेप्टमध्ये ते धरलेलं नव्हतं.

त्यांच्या गावात त्यांच्या हातची भाकरी खाणारी घरं मोजकी होती आणि ती सगळी त्यांच्याच वस्तीतली होती. इथे लोक त्याच भाकरीसाठी पाऊण तास बाहेर बाकांवर थांबत आणि थांबता थांबता त्यांचा फोटो काढत. कस्तुराबाई यावर कधी काही बोलल्या नाहीत. थापताना बोललं की भाकरी फाटते.

इथे सगळं उलटं होतं. तोंडं दिसायची, बोलणं ऐकू यायचं नाही. काच जाड होती. माणसं पलीकडे हसत, बोट दाखवत, पोरांना पुढे करत. ऑर्डर मशीनमधून चिठ्ठीवर येई. टेबल नऊ, चार भाकरी. नऊवर कोण बसलंय, त्याला कशी लागते, हे चिठ्ठीत नसायचं. काचेवर पाटी होती : 'कृपया काचेला हात लावू नये.'

अकराव्या दिवशी त्यांना ते दिसले.

सात नंबरच्या टेबलावर, सुना-नातवंडांच्या मधोमध. उंच, धिप्पाड, काळेसावळे, पांढऱ्या मिशा. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ताटाच्या कडेला सारला आणि नुसता रस्सा चमच्याने प्यायला सुरुवात केली. कस्तुराबाईंचे हात थांबले. मग त्यांनी पाणी उकळायला ठेवलं, सात नंबरची चिठ्ठी नसताना पीठ भिजवलं, जाडसर थापलं, फडक्यात गुंडाळलं आणि वाढप्याला, समाधानला, हाक मारली.

"सातला दे. त्या मोठ्या बाबांना. म्हणावं, खानावळीतल्या मावशीने दिलीय. दात नाहीत म्हणून मऊ केलीय."

समाधान प्रामाणिक होता. त्याने निरोप जसाच्या तसा, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असा दिला.

त्या गृहस्थांचं नाव यशवंतराव. त्यांना दात होते. बत्तीसच्या बत्तीस, स्वतःचे, आणि एकसष्टीनिमित्त घरच्यांनी दिलेल्या जेवणात ते त्यांना समाधानला तोंड उघडून दाखवावे लागले. भाकरी त्यांनी बाजूला सारली होती ती साखरेच्या त्रासामुळे. 'जेवण बरं. कर्मचारी ग्राहकाच्या दातांविषयी बोलतात. कच्ची भाकरी न मागता आणून देतात,' असं त्यांनी मोबाइलवर लिहिलं आणि एक चांदणी दिली.

सुजितने ते कस्तुराबाईंना वाचून दाखवलं. तो ओरडला नाही.

"मावशी, कोण वाटले तुम्हाला ते?"

"आमच्या खानावळीत यायचे."

"नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही."

"बरं, दिसायला कसे?"

कस्तुराबाईंनी परातीच्या कडेचं पीठ गोळा करायला घेतलं. सुजितने कपाळ चोळलं. "हे बघा, चिठ्ठीवर असेल तेच करायचं. शेटजींनी वाचलंय हे. परत असं झालं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. खरंच नाही येणार."

परत आलेली भाकरी त्यांनी दुपारी स्वतः खाल्ली. चांगली झाली होती.

संध्याकाळी त्यांनी सुमनताईंना फोन लावला.

"कोण गं? दोन-एकवाले होय," सुमनताई म्हणाल्या. "कुठल्याशा कंपनीच्या गेटवर होते बाई. मंगळवारी कुलूप बघून फोन केला होता त्यांनी, पाटीवरचा नंबर बघून. मी म्हटलं, आता बंद ते बंद."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणणार? भाकरीवाल्या माय कुठं गेल्या, विचारत होते. तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"आता आहे की. लावा ना फोन त्यांना."

"नंबर शोधावा लागेल गं. बघते."

कस्तुराबाईंनी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा करायला त्यांना संकोच वाटला.

महिना भरायला चार दिवस राहिले होते. रविवार होता, दुपार होती, बाहेर बाकं भरली होती आणि चिठ्ठ्यांची माळ तव्यापर्यंत लोंबत होती. कस्तुराबाई खाली मान घालून थापत होत्या. काचेवर बोटं वाजत होतीच, पोरं पाटी वाचत नसतात. मग दोन ठोके आले. थांबून एक.

त्यांनी लगेच वर पाहिलं नाही. एकदा चूक झाली होती.

परत दोन. दम खाऊन एक.

काचेपलीकडे एक किडकिडीत म्हातारा उभा होता. कस्तुराबाईंच्या खांद्याला लागेल एवढा. वॉचमनचा खाकी शर्ट, त्यात आणखी एक माणूस मावला असता. मिशा नव्हत्या. गाल आत गेले होते. हॉटेलचा वॉचमन त्याचा दंड धरून पाटी दाखवत होता, आणि एक वॉचमन दुसऱ्याला जितक्या अदबीने हटवू शकतो तितक्या अदबीने हटवत होता. म्हातारा काहीतरी बोलला. काच जाड होती.

कस्तुराबाईंनी पातेल्यात पाणी घेतलं आणि शेगडीवर ठेवलं.

सुजित आत आला. त्याने पातेलं पाहिलं, काचेबाहेर पाहिलं.

"मावशी, तेराच्या सहा भाकऱ्या राहिल्यात."

"थांबतील ते. त्यांना दात आहेत."

"मावशी, मी काय बोललो होतो तुम्हाला?"

"लक्षात आहे."

पाण्याला उकळी यायला वेळ लागतो. सुजित तिथेच उभा राहिला. कस्तुराबाईंनी पीठ भिजवलं, थापलं, उलथलं. पिठाच्या हाताने नथ काढून परातीशेजारी ठेवली. भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळली, आमटीची वाटी घेतली आणि काचेच्या खोलीचं दार उघडून पुढे आल्या. बाकांवरच्या लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. दोघांनी फोटो काढले.

"माय?" म्हातारा म्हणाला. आवाज तोच, जाड, खर्जातला, कुठून येत होता कोण जाणे. "सुमनताईंनी पत्ता दिला. तीन बस बदलल्या." मग जरा बघून, "मला वाटायचं तुम्ही चांगल्या दांडग्या असाल. भाकरी थापल्याचा आवाज तसा यायचा."

"मलाही तुम्ही मोठे वाटायचे."

"न्हाई," तो म्हणाला, जणू त्या गैरसमजाची जबाबदारी त्याच्याकडे होती. "मी हा असाच."

"नाव काय तुमचं?"

"ज्ञानदेव."

बाकावर कुणीतरी सरकून जागा केली. कस्तुराबाई परत आत गेल्या, कारण तेराच्या सहा राहिल्या होत्या. सुजित मोबाइल हातात घेऊन शेटजींचा नंबर काढत होता. तो लावायचा की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. त्यांनी त्याला घाई केली नाही. नऊवारी घडी करून द्यायला किती वेळ लागेल याचा मनात अंदाज घेतला आणि पीठ मळायला घेतलं.

तिसरी भाकरी तव्यावर असताना काचेवर थाप पडली. तळहाताची, एकच. म्हणजे बास.

पाटीच्या बरोबर खाली आमटीचा हात उमटला होता, पाची बोटांसकट. सुजित फडकं घेऊन तिकडे गेला, क्षणभर उभा राहिला आणि फडकं तसंच खांद्यावर टाकून चौदा नंबरची चिठ्ठी आणायला वळला.