लेकीच्या प्रबंधात माझी मुकादमी

हसायचं असेल तर हसा, पण चहा सांडू नका. मी शिकलो दोन-चार बुकं. तरी घोटाळा केला तो थेट युनिव्हर्सिटीत!

नव्वदनंतरची गोष्ट. सुरतेत, बमरोलीला, मी कापड विणायच्या लूमच्या खात्यात मुकादम होतो. थोरली लेक सुनंदा मानसशास्त्रात एम.ए. करत होती. आमच्या घराण्यात तिथवर पोचलं होतं कोण?

एक दिवस म्हणाली, "आबा, प्रबंधासाठी कामगारांना प्रश्न विचारायचेत. तुमची माणसं द्याल?"

"विचारतेस काय? उद्या हजर!"

प्रश्न तिच्याकडून वाचून घेतले. झोप लागते का? राग येतो का? कामात मन रमतं का? म्हटलं, ही तर परीक्षा! आणि माणसं भलतंच बोलली तर नापास कोण? माझी लेक!

सगळ्यांना खात्यात उभं केलं. "झोप छान लागते. राग येत नाही. मन रमतं. समजलं?"

धुळ्याकडचा रघुनाथ कुरकुरला, "मुकादम, माले तर झोप येत नही."

"उद्यापुरती येते!"

दुसऱ्या दिवशी सगळे पोपटासारखे बोलले. शेजारी उभं राहून मी मिशीला पीळ देत होतो.

आठवड्यानं सुनंदा रडत घरी आली. तिच्या गाइड, गुजराती बाई, कागद बघून भडकल्या होत्या. "आ बधा जवाब एकसरखा केम? सगळे एकसारखे कसे? घरी बसून तूच भरलेस!" प्रबंध रद्द व्हायची वेळ.

माझी लेक खोटारडी? इस्त्रीचा सदरा चढवला, माणसं घेतली, थेट विभागात धडकलो.

"बेन, ही माणसं खरी आहेत. कोणालाही विचारा!"

बेननं रघुनाथला विचारलं, "भाई, नींद ठीक आती है?"

रघुनाथनं माझ्याकडे पाहिलं. "मुकादम, आज काय सांगू?"

झालं! लेक सुटली, बाप अडकला. बेन हसून सुनंदाला म्हणाल्या, "आत्ताच परत विचार. पण एकेकाला. आणि बापूजींना बाहेर बसव."

बाहेर बाकावर बसलो. मुकादम! शिक्षा झालेल्या पोरासारखा!

परतताना सुनंदाला विचारलं, "आता तरी उत्तरं वेगवेगळी आली ना?"

"आली, आबा. फक्त बेननं एक नवा प्रश्न घातला होता, तिथं सगळ्यांचं एकच आलं."

"कोणता प्रश्न?"

"सगळ्यात जास्त भीती कोणाची वाटते?"

शपथेवर सांगतो, ते उत्तर मी कोणाला शिकवलं नव्हतं.