दम खाऊ द्या तिले

सुपडूभाऊ गाडी दारात उभी करायचे, पण लगेच बंद करायचे नाहीत. खाली उतरायचे, पुढे जाऊन बॉनेटवर तळहात टेकायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. इंजिन हळू फिरत असायचं आणि आम्ही बायका मागच्या सीटवर घामाने निथळत बसलेल्या. त्यांचा हात निघेपर्यंत कोणी उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. माझ्या सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत, दर वेळी कुरकुरायच्या, "सुपडू, आम्ही इथेच शिजायचं का रे?"

"पल्ला मारीसन उनी ती, अक्का. दम खाऊ द्या तिले."

मी धुळ्याहून जळगावात सून म्हणून आले ती मॅट्रिक होऊन, आणि तेवढ्या भांडवलावर मला जगातलं सगळंच कळत होतं. मोटारीतलं तर जरा जास्तच. लग्नाआधी मी दोनदा मोटारीत बसले होते आणि त्यातल्या एका वेळी ओकलेही होते. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, मीही स्वतःला तशीच समजत होते.

सुपडूभाऊ दोंडाईच्याकडचे. पूर्वी सासऱ्यांची, म्हणजे नानांची, बैलांची दमणी हाकायचे. नानांनी एका साहेबाची जुनी मोटार घेतली, तेव्हा बैलांबरोबर गाडीवानही जायचाच होता. पण सुपडूभाऊ मोटार शिकले आणि राहिले. तिला ते शेवटपर्यंत जनावरच समजत. टायरला कोणी लाथ मारून हवा बघितली की म्हणायचे, "तुले कोनी अशी लाथ मारी तं?" स्वतःच्या हुशारीचा त्यांना चांगलाच ताठा होता. "गाडी बठ्ठं सांगस, आयकनारा पाहिजे," हे तर रोजचंच.

एका वर्षी मात्र गाडी सांगत होती आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम लागला आणि गाडी बिघडली. रस्त्यावर धावायची झकास. पण रेल्वेच्या फाटकापाशी थांबली, कापसाच्या बैलगाड्यांत अडकली, की थडथडायची, खोकल्यासारखं करायची आणि बंद पडायची. नानांचा कापसाचा व्यापार. ज्या गाडीवानांकडून माल घ्यायचा त्यांनीच बाजारात त्यांची मोटार ढकलायची, हे नानांना फार लागलं. "पहूरचे पाटील गाडी बघायला येतायत," एका संध्याकाळी त्यांनी जेवताना सांगितलं. "देऊन टाकतो. सुपडूची सोय त्यानं बघावी." पाटलांकडे त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर होता. पन्नाशीच्या माणसाने गावी जाऊन दुसऱ्याच्या शेतात राबायचं, एवढीच काय ती सोय.

पाटील यायच्या दिवशी सकाळपासून सुपडूभाऊंनी गाडी अंगणात उघडून ठेवली होती. मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत सल्ले देत होते.

"पेट्रोलमध्ये पाणी असेल."

त्यांनी पेट्रोल धोतराच्या फडक्यातून काचेच्या बरणीत गाळलं आणि बरणी माझ्यासमोर धरली. तळाला थेंबही नव्हता.

"मग प्लग गेला असेल."

त्यांनी इंजिन चालू केलं आणि एकेका प्लगची तार काढून पाहिली. प्रत्येक वेळी आवाज सारखाच लंगडा झाला. "चारी भाऊ सारखा राबतस, वैनी. एक बी कामचोर नही."

मग त्यांनी चोक थोडा ओढला, म्हणजे इंजिनाची हवा कमी केली. आणि थडथड थांबली. सुपडूभाऊंनी चोक आत ढकलला, पुन्हा ओढला. "हिले पेट्रोल कमी नही," ते हळूच म्हणाले. "हिले वारा जास्ती व्हयेल शे. कथाईन तरी घुसस."

मी म्हटलं, "वारा काय, सगळीकडेच असतो." असली वाक्यं मी तेव्हा फार करायचे.

त्यांनी खराट्याची एक काडी घेतली, तिच्या टोकाला कापसाचा पुंजका गुंडाळला आणि पंख्याच्या बाजूला पाठ करून काडी इंजिनाभोवती फिरवायला लागले. प्रत्येक सांध्याशी, प्रत्येक नळीशी. पुंजका नुसता थरथरायचा. मग मागच्या अंगाला, एका बोटभर उघड्या तोटीपाशी, तो झपकन ओढला गेला आणि चिकटला. सुपडूभाऊंनी काडी काढून तोटीवर अंगठा दाबला. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. अंगठा काढला, थडथड सुरू.

त्यांचा चेहरा उतरला. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवरच आमच्या गाडीचा वायपर हलायचा. त्या तोटीपासून काचेपर्यंत रबराची एक नळी होती. दसऱ्याला घरातल्या छत्र्या आणि पावसाळी घोंगड्या झटकून माळ्यावर जातात. सुपडूभाऊ दर वर्षी त्यांच्याबरोबर वायपरचे हातही काढून ठेवायचे. या वर्षी नळी नवी होती, धुळ्याहून मागवलेली, उन्हाने तडकू नये म्हणून तीही काढली. पावसाची वस्तू, हिवाळ्यात तिचं काय काम. तोटी उघडी राहिली आणि इंजिन महिनाभर तिथून वारा पीत बसलं; धावताना तो पचायचा, गाडी उभी राहिली की ठसका लागायचा.

माळ्यावरून ती नळी मीच काढून आणली, अक्कांच्या छत्रीला गुंडाळलेली होती. "पटकन लावा," मी कुजबुजले. "कचरा अडकला होता म्हणून सांगा. मी पण तेच सांगते."

"तुमले खोटं बोलता येत नही, वैनी. तुमी लगेच लाल व्हतस."

तेवढ्यात पाटील आले. चहा झाला. सुपडूभाऊ नळी हातात घेऊन बैठकीच्या दारात उभे राहिले. "नाना, गाडी चांगली शे. चूक मनी शे. हाई नळी मीच काढेल व्हती."

नानांनी कप खाली ठेवला. "म्हणजे महिनाभर बाजारात माझी मोटार लोकांकडून ढकलवलीस ती तू?"

"हो, नाना."

पाटील हसून म्हणाले, "चला, बरं झालं. मग आता आम्ही निर्धास्त घेऊ."

नानांनी गाडीचा विषय न काढता पाटलांना सुपारी दिली, दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन अंगणात सुपडूभाऊंवर ओरडले, "लाव ती नळी. चोपड्याला जायला उशीर होतोय."

त्या दिवशी फाटकापाशी बैलगाड्यांची रांग होती. एक गाडीवान सवयीने हात चोळत पुढे आला, "ढकलू का, नाना?" गाडी जागच्या जागी गुरगुरत होती. नाना म्हणाले, "सरक." हे सुपडूभाऊंनीच मला सांगितलं, आणि पुढची कित्येक वर्षं सांगत राहिले.

पुढे सुपडूभाऊंचे डोळे अधू झाले तेव्हा ते गावी जायला निघाले. नव्या ड्रायव्हरला किल्ली देताना एवढंच म्हणाले, "गाडी बिघडनी तं पहिले आपुन काय काढं ते याद कर. मंग तिले नाव ठेव." दोंडाईच्याच्या आगगाडीवर त्यांना पोचवायला मी आणि अक्का मोटारीतून गेलो. पहिल्यांदाच सुपडूभाऊ ड्रायव्हरशेजारी बसले होते.

स्टेशनसमोर नव्या माणसाने गाडी थांबवली आणि लगेच बंद केली. मी दार उघडायला हात घातला.

"परत चालू कर," सुपडूभाऊ त्याला म्हणाले. खाली उतरले, चाचपडत पुढे गेले आणि बॉनेटवर तळहात टेकून उभे राहिले.

फलाटावर घंटा झाली. मी पुन्हा दाराकडे वळले, तर अक्कांनी माझा हात धरला.

"बस गं," त्या म्हणाल्या. "दम खाऊ दे तिला."