चौकटीत न मावलेला दौलत

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. गडचांदूरला डेटाबेसची कामं करतो मी. स्क्रीनवर विचित्र काही दिसलं की चूक एकतर कोडमध्ये असते, नाहीतर माणसात... यापलीकडे कधी विचारच केला नव्हता. म्हणून हे लिहायला तीन वर्षं लागली.

कोरपना रोडवरच्या एका चुनखडीच्या खाणीत मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारासाठी मी डेटाबेस केला होता. फॉर्म उघडला की मजुराचं नाव, गाव आणि उजवीकडे फोटो. फोटो कुठले आडवे, कुठले उभे. म्हणून मी कोड लिहिला — फोटो येईल तशी चौकट लहान-मोठी व्हायची, चेहरा ताणला जायचा नाही, पण दोन इंचांपलीकडे चौकट जायची नाही.

त्या मे महिन्यात खाणीत दगड कोसळून दौलत नावाचा मजूर गेला. दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, "त्याचं नाव काढून टाक. आपल्याकडं नव्हताच तो. बकऱ्या चारत आत घुसला होता."

मी नाव काढलं. फोटोची फाइलही डिलीट केली. हो, मीच. काम जाईल याची भीती होती, दुसरं काही नाही.

आठवडाभराने त्याची बायको इंदूबाई ऑफिसात आली. ठेकेदाराने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "पाह्य बाई, कुठी आहे तुझा नवरा? कम्प्युटर खोटं बोलते का?"

ती रडली नाही. त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "इथून मिटवलं ना त्याले? तो येईन. तुमच्या डोळ्यात येऊन बसंन. मंग मिटवा."

दोनच दिवसांत ऑफिसातल्या ऑपरेटरचा फोन — "भाऊ, फोटो मोठे होऊन राह्यले. नावं झाकून राह्यले." भर दुपारी गेलो. फॉर्म उघडला. पहिला रेकॉर्ड एका बाईचा... आणि फोटो दौलतचा. पुढचा रेकॉर्ड — दौलत. त्याच्या पुढचा — दौलत. दर वेळी चौकट थोडी आणखी मोठी. कोड एक-एक ओळ चालवून पाहिला. चौकटीचं माप दोन इंचच येत होतं! आणि समोर स्क्रीनवर दौलतची हनुवटी खालच्या बटणांवर पसरलेली.

ठेकेदार माझ्यावरच ओरडला. "त्या बाईनं तुले फोडलं काय?" सरकारी अधिकारी अपघाताच्या चौकशीला येणार होते, म्हणून त्याने नवा लॅपटॉप मागवला. त्यावर मी जुना बॅकअप टाकला — दौलत कामाला लागायच्या आधीचा. त्या फाइलमध्ये हा माणूस कधी नव्हताच.

अधिकारी आले. इंदूबाई दारात उभी होती, तिच्यामागे खाणीतले दहा-बारा मजूर. ठेकेदाराने स्वतः फॉर्म उघडला. पूर्ण स्क्रीनभर एकच चेहरा. नाव नाही, बटण नाही, काही नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे कोण?"

ठेकेदार लॅपटॉप बंद करू पाहत होता, झाकण दाबत होता, पण नजर हटेना. मग एकदम फुटल्यासारखा बोलला, "दौलत... आमचाच माणूस आहे जी. माह्याच कामावर मेला."

केस झाली. ठेका गेला. पण तेवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफरने कॅमेऱ्यात फोटो दाखवला, तर हा किंचाळत स्टेजवरून उतरला. बाकी सगळ्यांना त्यात नवरा-नवरीच दिसत होते. आता तो कुठल्याच फोटोकडे बघत नाही म्हणे, आधार कार्डाकडेसुद्धा.

तो कोड मी आजही दुसऱ्या ठिकाणी वापरतो. कधी चुकला नाही. कारण सापडलं नाही, आता शोधतही नाही.

मागच्या महिन्यात बाजारात इंदूबाई भेटली. मी हात जोडले. माझ्याच हाताने नाव काढलं होतं, हेही सांगितलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "पण तुमाले काऊन सोडलं त्यानं, तेच समजत नाई."