हिरव्या दस्तीची गाडी

खो-खो खेळायला देशोदेशींचे संघ अमरावतीला येणार, हे ऐकून मी अकोल्यात बसल्या बसल्या हरखले. पण जग अमरावतीला विमानानं येईल, आम्ही अकोलेकर कसे जाणार? ते काम माझ्या भाचीकडे, वैशूकडे आलं. सामन्यांच्या दिवसांत कुठून गाड्या सोडायच्या, कुठे थांबवायच्या, सगळा आराखडा तिचा. आणि तो तपासायला आयोजकांच्या वतीनं थेट जर्मनीहून उर्सुलाबाई आलेल्या. चाचणीची गाडी नीट पोचली तर अकोल्याला खास गाड्या मिळणार, नाही तर आम्ही आपले घरी टीव्हीपुढे.

"मावशी, तू फक्त प्रवासी म्हणून बस. काही करू नको," वैशूनं बजावलं.

आता मी काही करणारी बाई आहे का?

सकाळी स्टँडवर पोचले तर वैशूनं दोऱ्या बांधून रांग आखलेली. सगळे शहाण्यासारखे उभे. गाडी आत वळली मात्र, रांग गेली कुठच्या कुठे! खिडक्यांतून दस्त्या (हातरुमाल), दुपट्टे, टोप्या धडाधड आत पडल्या. आमच्याकडे वस्तू पडली की जागा तुमची. गाडीत जागा भरपूर आहे हे ठाऊक असूनही माझा हात काही थांबला नाही. माझी पिशवी एका खिडकीतून गेली. वैशू बिचारी पहाटेपासून उभी, म्हणून मागच्या खिडकीतून तिच्यासाठीही एक दस्ती टाकली. मग सगळे परत दोरीत जाऊन उभे राहिले.

उर्सुलाबाई चढल्या. गाडीत माणूस एक नाही, आणि जागाही एक नाही! मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं, मळ्यातल्या शेवंतीचा गजरा दिला, मुठीत शेंगदाणे कोंबले. गप्पा खुणांनीच, पण रंगल्या.

गाडी मात्र हलेना.

"काहून थांबले, भाऊ?" मी विचारलं.

"मांगच्या शीटवर दस्ती हाय, माय," कंडक्टर म्हणाला. "मालक आला नाही."

"अहो, सगळे आले! मी मोजले!" वैशू कळवळली.

"म्याडम, दस्ती टाकून कोनी घरी जाते का? चहा पिऊन राहिला असन."

ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. "मानूस सोडून गाडी नेली, तर उद्या या स्टँडवर तोंड कसं दाखवू मी?"

अख्खी गाडी वैशूवर उलटली. "थांब न बाप्पा!" "लयच घाई हाय पोरीले!" मीही सूर मिळवला, "ज्याची असन त्याले येऊ दे न, वैशू." दोघं प्रवासी मालकाला शोधायला टपरीवर गेले, मग त्या दोघांसाठी थांबणं आलं. उर्सुलाबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. वैशूचे डोळे भरून आले.

दोघं हात हलवत परतले, तेव्हा कंडक्टरनं दस्ती उंच धरली. "कोनाची हाय, बोला!"

हिरवी. कोपऱ्यात मी स्वतः भरलेला मोर.

"अहो, थांबा," मी उठले. "तुमी ज्याची वाट पाहून राहिले, ते हे आपली वैशूच. तिच्यासाठीच टाकली होती मी, गप्पांत इसरूनच गेली."

गाडी हसून हसून हलायला लागली, इंजिनाशिवाय.

"मावशी, मी काय सांगतलं होतं तुले?"

"तू पहाटेपासून उभी होती न!"

वैशूनं उर्सुलाबाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य नाही, उलट ओळखीचं हसू! त्यांच्याकडे म्हणे सुटीला गेलेले लोक सकाळीच समुद्रकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकतात आणि नाश्त्याला जातात.

मूर्तिजापूर, बडनेरा मागे पडलं. दोन्हीकडे काळी रानं, कपाशी फुटलेली. पण वैशू बाहेर बघेना. उशीर तो झालाच होता.

मैदानाजवळ मी सर्वांना गिला वडा (दही आणि झणझणीत चटणीत बुडालेला उडदाचा वडा) घेतला. उर्सुलाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नाक पुसत पुसत त्यांनी निकाल दिला. अकोल्याला गाड्या मिळतील, पण एका अटीवर. गाडी फलाटावर बरीच आधी लावायची. आराखड्यात दस्तीसाठी वेळ धरायचा.

वैशूनं तिथेच मला मिठी मारली. चटणीसकट.

संध्याकाळी परतायला साधीच एसटी होती. अमरावतीच्या स्टँडवर ही गर्दी! माझे गुडघे म्हणजे रेटारेटीचे नव्हेत. तेवढ्यात वैशू दिसेनाशी झाली. वाटलं, गेली असेल रांग लावायला. बघते तर लोकांच्या डोक्यांवरून काहीतरी हिरवं उडालं आणि नेमकं खिडकीतून आत पडलं.

"मावशी, सावकाश ये! जागा धरली!"

सावकाशच गेले. घाई कशाची? माझी दस्ती आत होती. आता ही गाडी मला सोडून जाणार नव्हती.