कच्चा टाका

माझ्या बायकोचं कपाट बघायला बायका येतात. म्हणजे येतात ब्लाऊज शिवायला, माप देतात, कापड उलटंसुलटं करून बघतात आणि निघता निघता म्हणतात, "मॅडम, तुमचं कपाट दाखवा की एकदा." मी चित्रकलेचा मास्तर. जन्मभर शाळेत पोरांना रंगसंगती शिकवली, वर्गाच्या भिंती चित्रांनी भरल्या. पण माझी चित्रं बघायला मुद्दाम कोणी घरी आल्याचं मला आठवत नाही. तेव्हा पोटात थोडं दुखतं, ते दुखतं.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं बुटिक आहे. लग्नाचे ब्लाऊज, घागरे, मुलींचे गाऊन. उन्हाळ्याच्या तोंडावर शाळांच्या गणवेशाचे नमुनेही काढून देते, कारण सोलापुरात शिवणकाम करायचं आणि गणवेशाला हात लावायचा नाही, हे जमत नाही. दिवसभर लोकांच्या कपड्यांत बुडालेल्या बाईचं स्वतःचं कपाट उघडलं की अंगावर ढीग कोसळणार, असा माझा अंदाज होता. तो लग्नानंतर आठवड्यातच चुकला. तरी मास्तरकी जात नाही. मी तिला सुचवलं, कपडे रंगानं लाव, फिक्याकडून गडदाकडे, दार उघडलं की डोळ्यांना बरं वाटेल.

"अहो, रंगानं कोण शोधतंय?" ती म्हणाली. "बाई कपाट उघडती तवा तिला एवढंच ठाऊक असतंय की कुठं जायचंय."

आणि खरंच, तिचं कपाट जाण्यावर लावलेलं आहे. साडी, तिचा ब्लाऊज, परकर, सगळं धुऊन इस्त्री करून एकावर एक ठेवायचं आणि कोपऱ्याला एक कच्चा टाका घालायचा. पक्की शिलाई मारण्याआधी कापड हलू नये म्हणून शिंपी हातानं लांब लांब टाके घालतात, ओढले की निघतात, तोच हा टाका. पांढरा दोरा रोजच्या कामाचा: दुकान, बाजार, बँक. लाल दोरा लग्नकार्याचा. आणि काळा दोरा कुणाकडे वाईट घडलं तर भेटायला जायचा. काळ्या दोऱ्याचा एक जोड कायम सगळ्यात पुढे, हाताशी. मला ते अभद्र वाटायचं. ती म्हणाली, "लग्नाची पत्रिका आदी येती. ह्याची येत न्हाय."

लाल दोऱ्याच्या साड्यांना ती आणखी एक करते. पदराच्या चुण्या आधीच घालून, दाबून, खांद्याच्या जागी टाका घालून ठेवते, म्हणजे नेसायला वेळ लागत नाही. नेसून झालं की तो टाका तोडायचा. एकदा दुधनीला तिच्या बहिणीकडच्या लग्नात तो तोडायचा राहिला. पिवळ्या साडीवर खांद्यापाशी हे लांबलचक लाल टाके, आणि ही बाई अक्षता पडेपर्यंत तशीच मिरवत होती. मी बघितलं होतं, पण मला वाटलं काहीतरी नवीन असेल. तसंच इतरांनाही वाटलं. पुढच्या आठवड्यात तिकडच्या दोघीतिघी सोलापूरला आल्या आणि त्यांनी तसाच लाल टाका घालून मागितला. तिनं घालून दिला. मला मात्र हसायची परवानगी नव्हती.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी कपाटाचा निकाल लागतो. वर्षभरात ज्याचा टाका तुटला नाही, तो कपडा घरातून जातो. कितीही भारी असो, कुणीही दिलेला असो. चांगलं असेल ते भाच्यांना, उरलेलं भांडेवालीला. तिनं स्वतः रात्रंदिवस भरतकाम केलेला एक ब्लाऊज असाच भाचीला देऊन टाकताना मी पाहिलंय. हात जरासुद्धा थबकला नाही. मला एक जुना मफलर टाकवत नाही, आणि ही बाई स्वतःच्या हातचं काम असं सोडून देते. मनातल्या मनात मी तिला सलाम केला.

मागच्या वर्षी मला पॅरालिसिसचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची बोटं तेवढी परतली नाहीत. ब्रश सुटला याचं दुःख फार झालं. पण लाज वाटली ती बटणांची. एका बारशाला निघताना शर्टाचं खालचं बटण लावायला तिला वाकावं लागलं, तेव्हा मी शर्ट काढून ठेवला आणि पुन्हा घातला नाही. खुंटीवरची लुंगी आणि टी-शर्ट. दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत. लग्नाकार्याला ती एकटी जायला लागली आणि लोक विचारतील त्याला उत्तरं देऊ लागली.

पाडव्याच्या थोडं आधी माझा शाळेतला जोडीदार घरी आला. तो निवृत्त होणार होता, निरोपाचा कार्यक्रम होता. "सर, तुमी यायलाच पायजे," तो म्हणाला. "तुमी समोर नसला तर मी कुणाकडं बघून बोलू?" मी म्हटलं, बघू. शिवणयंत्रापाशी बसलेल्या बायकोनं मान वर केली नाही. माझं "बघू" म्हणजे काय, हे तिला ठाऊक आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पलंगावर नेहमीसारखा ढीग पडला. माझं कपाट शेजारीच, तेही तीच लावते, टाक्यासकट. मी म्हटलं, "माझे शर्ट पण घाल की त्यात. वर्षभरात एकाचाही टाका तुटला नाही. नियम तो नियम."

"त्यो नियम माझ्या कपाटाचा हाय," ती म्हणाली आणि ढीग उचलून बाहेर गेली.

मला राग आला. म्हटलं, मीच काढतो. कितीतरी महिन्यांनी मी ते दार उघडलं. शर्ट उजवीकडचे डावीकडे आले होते. दांडी खाली घेतली होती, डाव्या हाताला सहज पोचेल इतकी. एक शर्ट ओढला. बटणं जागच्या जागी होती, पण काजं शिवून बंद केलेली आणि बटण त्यावरच पक्कं बसवलेलं. आतून टिचबटणं. दाबलं की लागलं, ओढलं की सुटलं. बाहेरून देवालाही कळलं नसतं. दुसरा शर्ट बघितला, तिसरा बघितला. सगळे तसेच. दुकानातली कामं आटोपून एकेक उसवत, शिवत, इस्त्री करून पुन्हा टाका घालून तिनं ते जागेवर ठेवले होते आणि एका शब्दानं बोलली नव्हती. मी पलंगावर बसलो आणि रडलो. मग शांत झाल्यावर पाहिलं, आकाशी शर्टाला लाल दोरा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी तो दोरा मी दातानं तोडला. एका हातानं टिचबटणं लावायला वेळ लागला, पण लागली. जोडीदार स्टेजवरून माझ्याकडे बघून बोलला, दोन वेळा अडखळला. शेजारचे म्हणाले, सर, शर्ट झकास आहे. मी म्हटलं, घरचीच शिलाई.

शर्ट धुतला गेला, इस्त्री झाली. दोन दिवसांनी सकाळी कपाट उघडलं, तर तो आपल्या जागी परत आलेला होता. टाका घातलेला होता. या वेळी दोरा पांढरा होता.

पुढच्या खोलीत यंत्र चालू होतं. मी टाका तोडला, शर्ट घातला आणि पिशवी घेऊन भाजीला निघालो. ती यंत्र न थांबवता म्हणाली, "मेथी बगून घ्या."